घराचं नुकसान झालं. विमा मागायचा की नाही?

आजचा विषय घराच्या विम्याचा आहे. विमा कसा काढायचा यावर आपण बऱ्याचदा बोलतो. पण विमा काढलेला आहे, घरात काही मोडलं-पडलं-जळलं आणि आता कंपनीकडे पैसे मागायचे का, हे कसं ठरवायचं? त्यावर फारसं कुणी बोलत नाही. आज तेवढंच बोलू.

आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एखादीची भिंत पुरात गेली, विमा आहे, तरी ती म्हणते, "कोण जाणार ऑफिसात, आपल्याला काय मिळतंय." आणि ती हक्काचे लाखभर रुपये सोडून देते. दुसरी दोन पत्र्यांसाठी चार चकरा मारते, तीन दिवसांची मजुरी बुडवते आणि शेवटी हातात काहीच पडत नाही. दोघींचंही नुकसानच. म्हणून आधी एक गोष्ट मनात पक्की करा. विमा मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, आपण हप्ता भरलेला असतो. पण प्रत्येक नुकसान विम्याचं नसतं आणि विम्यातलं प्रत्येक नुकसान मागण्यासारखंही नसतं. हे तीन प्रश्नांनी ठरतं. नुकसानीचं कारण पॉलिसीत बसतं का? खर्च वजा जाता पदरात किती पडेल? आणि मागितल्यावर पुढे काय होईल?

त्याआधी पेटीतले कागद काढा. "आमचा विमा आहे" असं आपण म्हणतो, तो नेमका कोणता? पीक विमा शेतातल्या पिकाचा, त्याचा घराच्या भिंतीशी संबंध नाही. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, ती माणसाच्या अपघाताची. ४३६ रुपये कापले जातात ती जीवनज्योती, ती मृत्यूची. यांतल्या एकानेही पडलेल्या घराचे पैसे मिळत नाहीत. घराचा विमा वेगळा असतो. घरासाठी कर्ज काढलं असेल तर बँकेनेच तो काढलेला असण्याची शक्यता आहे आणि घरातल्या बाईला ते माहीतही नसतं. कर्ज असेल तर पासबुक घेऊन बँकेत जा आणि विचारा, "घराचा विमा काढला आहे का? त्याची प्रत द्या." मात्र लक्षात ठेवा, कर्ज बाकी असेल तर भरपाईवर पहिला हक्क सहसा बँकेचा असतो.

आता पहिला प्रश्न, कारण पॉलिसीत बसतं का?

१ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशात घरासाठी एक ठरावीक नमुन्याची पॉलिसी आहे. तिचं नाव भारत गृह रक्षा. कंपनी कोणतीही असो, या पॉलिसीच्या मूळ अटी सारख्याच. तिच्यात काय काय येतं ते ऐका. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणं, दरड कोसळणं, बाहेरून झाड किंवा वाहन येऊन घरावर आदळणं, पाण्याची टाकी फुटणं, दंगलीत झालेलं नुकसान. चोरीचं मात्र नीट ऐका. अशा एखाद्या आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत त्या घरात चोरी झाली तरच ती या मूळ पॉलिसीत येते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो.

घराच्या इमारतीचा विमा असेल तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, आणि जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप विम्यात येतं. म्हणजे घर ५ लाखांचं धरलं असेल तर १ लाखापर्यंतचं सामान त्यात आलं. दागिने तसे येत नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात. रोख पैसे, कागदपत्रं आणि गाडी नेहमीच्या पॉलिसीत येत नाही.

आणि आता काय येत नाही, कारण भांडणं तिथेच होतात. पोराच्या हातून टीव्ही पडला, कपाटाची काच फुटली, मिक्सर ओट्यावरून खाली आला. हे अपघाताने झालेलं नुकसान आहे खरं, पण साध्या पॉलिसीत ते बसत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळं कलम घ्यावं लागतं. दुसरं, व्होल्टेज वरखाली होऊन फ्रीज जळाला. शॉर्टसर्किटने जी वस्तू जळते ती वस्तू भरपाईत धरत नाहीत. पण त्याच फ्रीजच्या आगीने शेजारचं कपाट आणि छत जळालं तर त्या कपाटाची आणि छताची भरपाई मागता येते. हा फरक ध्यानात ठेवा. तिसरं, वर्षानुवर्षं झिरपणारी ओल, जुनी गळती, वाळवी. ही देखभालीची कामं, विम्याची नाहीत. आणि चौथं आपल्या काळ्या जमिनीचं. उन्हाळ्यात जमीन आकसते, पावसात फुगते आणि भिंतींना भेगा पडतात. नेहमीच्या भेगा किंवा नवीन बांधकाम खाली बसताना पडलेले तडे भरपाईत येत नाहीत. जमीनच खचून घर कललं तर गोष्ट वेगळी.

घर माळवदाचं, कुडाचं किंवा ताडपत्रीचं असेल तर विमा काढतानाच तसं सांगा. लाकूड, गवत, बांबू, ताडपत्रीच्या बांधकामाला विम्याच्या भाषेत कच्चं म्हणतात आणि त्याचे नियम वेगळे असतात. एजंटाने घाईत "पक्कं" लिहिलं आणि आपण सही केली, तर हप्ता भरूनही क्लेमच्या दिवशी अडचण येते.

इथे एक नाजूक गोष्ट सांगते. कुणीतरी सांगेल, "टीव्ही पडला असं लिहू नका, वीज पडली असं लिहा." ऐकू नका. खोटं कारण उघडं पडलं तर ती भरपाई तर जातेच, पण कंपनी पूर्ण पॉलिसी रद्द धरू शकते. उद्या खरोखर घर पडलं तर हातात काहीच राहत नाही. वीस हजारांच्या टीव्हीसाठी पाच लाखांचं घर पणाला लावू नये.

दुसरा प्रश्न, पदरात किती पडेल?

नुकसान किती झालं आणि मिळणार किती, या दोन वेगळ्या रकमा आहेत. काही पॉलिसींमध्ये सुरुवातीची ठरावीक रक्कम आपणच सोसायची असते. कागदावर तिला एक्सेस म्हणतात, आपण वजावट म्हणू. काही पॉलिसींमध्ये वस्तू जुनी असेल तर घसारा कापतात. तुमच्या पॉलिसीत हे आहे का, आणि किती आहे, हे विमा घेतानाच विचारून पानावर पेनाने गोल करून ठेवा.

आता हिशोब करू. समजा वळवाच्या वाऱ्याने सहा पत्रे उडाले. नवे पत्रे, हूक आणि मिस्त्रीची मजुरी मिळून ९,००० रुपये खर्च आला. पॉलिसीत वजावट ५,००० असेल तर मिळणार जास्तीत जास्त ४,०००. त्यातून केजला किंवा बीडला दोन चकरा, एसटीचं भाडं, झेरॉक्स, दोन दिवसांची बुडालेली मजुरी असे १,५०० गेले. उरले २,५००. घसारा कापला तर तेही कमी. हा क्लेम सोडला तरी चालेल. पण वजावट नसेल तर तेच ९,००० पूर्ण आपले आणि मग मागायला हवेत. नुकसान तेच असलं तरी पॉलिसीतल्या एका ओळीने निर्णय बदलतो.

इथे बायका एक गोष्ट हमखास विसरतात. एकाच वादळात किंवा एकाच पुरात झालेलं सगळं नुकसान एकत्र मोजायचं असतं. पत्रे उडाले एवढंच दिसतं. पण त्याच रात्री पाऊस आत येऊन गाद्या-गोधड्या भिजल्या, शिलाई मशीन खराब झालं, कपाट फुगलं, भिंतीचा गिलावा पडला, हे सगळं त्याच घटनेचं नुकसान. यादी केली तर ९,००० चे ३५,००० होतात आणि मग मागणं शहाणपणाचं ठरतं. शिलाई मशीनवर तुम्ही धंदा करत असाल तर तेही खरं सांगा. धंद्याच्या सामानाचा विमा वेगळा असतो. भिंतीला तडा दिसत असेल तर निर्णय घेण्याआधी मिस्त्रीला दाखवा. वरून दोन हजारांचं काम वाटतं आणि पाया उघडला की ऐंशी हजारांचं निघतं.

तिसरा प्रश्न, मागितल्यावर पुढे काय?

मोटारसायकलच्या विम्यात हे सरळ दिसतं. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. एक क्लेम केला की सूट शून्यावर. घराच्या विम्यात अशी सूट असेलच असं नाही. म्हणून कंपनीला स्पष्ट विचारा, "क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी हप्ता वाढेल का? काही सूट जाईल का?" नवीन पॉलिसी घेताना मागचे क्लेम विचारतात, तिथे खरं लिहावं लागतं. दरवर्षी बारीकसारीक क्लेम करणाऱ्या घराकडे कंपनी बारकाईने बघते. पण या भीतीने मोठा क्लेम सोडू नका. विमा काढलाय तो त्या मोठ्या दिवसासाठीच.

आता साधा अंदाज सांगते. तो कायदा नाही, सोयीची फूटपट्टी समजा. सगळा खर्च जाऊन जे पदरात पडणार ते घराच्या एका महिन्याच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर स्वतःच्या शिलकीतून किंवा गटाच्या अंतर्गत कर्जातून काम करून घ्या. त्यापेक्षा जास्त असेल तर क्लेम करा. आणि भिंत, छत किंवा पाया गेला असेल, घरात राहणं धोक्याचं झालं असेल, तर हिशोब करत बसू नका, त्याच दिवशी कळवा.

ठरवायला दोन दिवस लागले तरी पहिल्या दिवशीची कामं थांबवू नका. ती सगळी मिळून तासाभराची आहेत.

एक, आधी माणसं आणि जनावरं सुरक्षित करा, विजेचं मेन स्विच बंद करा. दोन, काही हलवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. लांबून अख्खं घर, जवळून नुकसान, आणि जळालेली किंवा भिजलेली प्रत्येक वस्तू. तीन, नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री टाका, टेकू लावा. त्याची पावती ठेवा. पण मोडलेलं सामान भंगारवाल्याला देऊ नका, सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत राहू द्या. चार, पॉलिसीवरच्या नंबरला फोन करा, तक्रार क्रमांक घ्या आणि वहीत तारीख-वेळेसह लिहा. भारत गृह रक्षामध्ये नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत क्लेमचा अर्ज द्यायचा असतो. पाच, आग किंवा चोरी असेल तर पोलिसांना कळवा. आणि सहा, पूर, वादळ किंवा वीज असेल तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या.

पंचनाम्याचा दुहेरी उपयोग आहे. तो विमा कंपनीला पुरावा म्हणून दाखवता येतो आणि सरकारी मदतीसाठीही लागतो. पण सरकारी मदत म्हणजे विमा नव्हे, हे आकड्यांवरून बघा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने काय केलं ते आपण सगळ्यांनी सोसलं. बीड, धाराशिव, लातूरकडची शेतं तर गेलीच, घरंही पडली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात घरांच्या मदतीचे दर असे होते. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. गोठ्याला ३,००० रुपये. म्हणजे अर्धी भिंत गेली तर सरकारी मदतीत तिचा गिलावाही निघत नाही. विम्याची खरी गरज याच मधल्या जागेत आहे, घर पूर्ण पडलेलं नाही पण दुरुस्तीला दीड-दोन लाख लागणार आहेत तिथे. अशा वेळी ६,५०० घेऊन गप्प बसू नका. पॉलिसी काढा आणि क्लेम करा.

आणि भूकंप आपल्याकडे कुठे होतो, असं म्हणू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते आपल्या आई-सासूंना विचारा. दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर आली. किल्लारी शेजारच्याच जिल्ह्यातली.

आता गॅसचं. तुमच्याकडे घराचा कसलाही विमा नसला तरी हे तुमच्या कामाचं आहे. घरगुती गॅस देणाऱ्या सरकारी तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघात विमा काढलेला असतो, त्याचा वेगळा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. उज्ज्वलाच्या जोडणीलाही तो लागू आहे. गॅसमुळे आग लागली किंवा स्फोट झाला तर मृत्यूसाठी प्रत्येकी ६ लाख, उपचारासाठी प्रत्येकी २ लाखांपर्यंत आणि नोंदवलेल्या पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. अपघात झाला की गॅस एजन्सीला लगेच लेखी कळवा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. गळती असेल तर १९०६ या नंबरवर चोवीस तास मदत मिळते. जोडणी ज्या पत्त्यावर आहे तिथेच सिलिंडर वापरा, आणि रबरी नळी आयएसआय शिक्क्याची असू द्या. क्लेमच्या वेळी हेच बघितलं जातं.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. दसरा-दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलूप लागतं. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब पाच-सहा महिन्यांनी परततं. काही पॉलिसींमध्ये घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहणार असेल तर कंपनीला कळवण्याची अट असते. कळवलं नाही तर क्लेम अडू शकतो. कोयता घेऊन निघण्याआधी कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. घराच्या किल्लीबरोबर पॉलिसीची एक प्रत गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. वादळ झालं तर फोटो काढून फोन करायला कुणीतरी गावात पाहिजे.

कागदावरच्या नावाचंही बघा. घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर कुणाच्या नावे आहे? मयत सासऱ्यांच्या नावे घर, विमा नवऱ्याच्या नावे आणि राहणारी एकटी बाई, अशी गाठ असेल तर क्लेमच्या वेळी ती सुटता सुटत नाही. आजच ग्रामसेवकाकडे जा. एकल महिलांनी तर आधी हेच काम करावं.

क्लेम नाकारला तर घाबरू नका. कारण लेखी मागा. आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपला बीड जिल्हा पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे येतो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायला हवं. विमा नियामकाचा मोफत नंबर १५५२५५ आहे. तिथे मराठीत बोललात तरी चालतं.

शेवटी गटासाठी एक काम. येत्या बैठकीत प्रत्येक ताईने घरातले विम्याचे कागद आणावेत. सचिव ताईंनी रजिस्टरमध्ये एक पान आखावं. त्यावर विमा कशाचा, कंपनी कोणती, पॉलिसी नंबर, संपण्याची तारीख, वजावट किती आणि फोन नंबर एवढं लिहावं. पेटी पुरात वाहून गेली तरी गटाच्या रजिस्टरात नंबर राहील. आणि जमलं तर गटात एक छोटा दुरुस्ती निधी वेगळा काढा. पत्रा, कडी, काच अशी कामं त्या निधीतून होतील आणि विमा मोठ्या संकटासाठी शाबूत राहील.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर पेटी उघडा आणि पॉलिसीतली वजावटीची ओळ शोधा. नाही सापडली तर पुढच्या बैठकीला कागद घेऊन या, मिळून वाचू.